शब्दांची आवक

गेल्या उन्हाळी सुट्टीत आमच्या धर्मग्रामातील मुलांना पर्यावरण व हवामान-बदल या विषयांवरील इंग्रजी शब्द शिकविण्याचे काम आम्हां दोघा-तिघांच्या वाट्याला आले. मुले इंग्रजी माध्यमाची, पाठांतरात तरबेज. चाळीस शब्दांची यादी त्यांनी दोन दिवसांत संपविली. एमिशन म्हणजे उत्सर्जन, ड्रॉट म्हणजे दुष्काळ, मँग्रोव्ह म्हणजे खारफुटी, असे ती घडाघडा म्हणू लागली आणि आमचे काम झाले असे आम्हांला वाटले. तिसऱ्या दिवशी सहावीतील एका मुलीने वही पुढे केली. तिने 'वेदर' या शब्दापुढे 'हवामान' असे लिहिले होते आणि 'क्लायमेट' या शब्दापुढेही 'हवामान' असेच. "सर, दोन्हींचा अर्थ एकच असेल, तर इंग्रजांनी दोन शब्द कशाला केले?" असा तिचा प्रश्न होता. लगोलग देता येईल असे उत्तर आमच्यापाशी नव्हते. त्याहून लाजिरवाणी गोष्ट म्हणजे, उत्सर्जन कशाला म्हणतात हे त्या मुलांना ना इंग्रजीत कळले होते, ना मराठीत. एका अनोळखी शब्दापुढे त्यांनी दुसरा अनोळखी शब्द लिहून ठेवला होता.

धर्मग्रामातील एक गृहस्थ तुर्भे येथील फळबाजारात एका गाळ्यावर हिशेबाचे काम पाहतात. त्यांच्या ओळखीने मे महिन्यातील एका पहाटे आम्ही मुलांना तिकडे नेले. ज्या वस्तूंच्या पाठीवर बसून शब्द देशोदेशी गेले आणि परत आले, त्या वस्तू मुलांनी डोळ्यांनी पाहाव्यात, इतकाच हेतू होता. बाजारात बाहेरगावाहून माल येतो त्याला 'आवक' म्हणतात. आम्ही शोधावयास गेलो होतो ती शब्दांची आवक.

या बाजाराला कोणी वाशी मार्केट म्हणतात, कोणी एपीएमसी मार्केट. त्याचे पूर्ण नाव मुंबई कृषी उत्पन्न बाजार समिती. १९६३ च्या महाराष्ट्राच्या पणन कायद्यान्वये १९७७ साली ही समिती स्थापन झाली. तोवर मुंबईचा घाऊक व्यापार जुन्या शहराच्या गल्ल्यांत दाटीवाटीने चाले. फळे क्रॉफर्ड मार्केटात, भाजी भायखळ्याला, धान्य दाणाबंदरात. शहराचा श्वास कोंडू लागला तेव्हा हा व्यापार खाडीपलीकडे सिडकोच्या नव्या नगरात हलविण्याचे ठरले. प्रथम १९८१ मध्ये कांदा-बटाटा बाजार आला, १९९१ च्या सुमारास मसाला व धान्य बाजार आले, आणि १९९६ मध्ये फळे व भाजीपाला. ज्या जमिनीवर हे नगर उभे राहिले ती ९५ गावांतील आगरी-कोळी व इतर कुटुंबांची भातशेती, मिठागरे व खाजणे होती. 'खाजण' हा शब्द आमच्या यादीत नव्हता. इंग्रजीत त्याला 'वेटलँड' म्हणावे की 'सॉल्ट मार्श', यावर आमच्यातच वाद झाला. त्या खाजणावर बसून भाव पुकारणाऱ्यांना त्या शब्दाची आता गरज उरलेली नाही.

कांदा-बटाटा बाजारापासून आम्ही सुरुवात केली. बटाटा हा शब्द मराठीने पोर्तुगीजांकडून घेतला आणि पोर्तुगीजांनी तो कॅरिबियन बेटांतील मूळ रहिवाशांकडून उचलला होता. फळबाजारातील पपई, अननस आणि काजू या शब्दांचीही हीच वाट. अमेरिका खंडातील आदिवासींचे हे शब्द पोर्तुगीज गलबतांतून गोवा-वसईस उतरले. भाजीबाजारातील कोबीही पोर्तुगीज. वसई १५३४ पासून १७३९ पर्यंत पोर्तुगीजांच्या ताब्यात होती, हे आपल्या वाचकांना सांगावयास नको. पण त्या दोनशे वर्षांचा ठेवा केवळ चर्चच्या इमारतींत व आडनावांत शोधण्याची आपल्याला सवय लागली आहे. तो रोजच्या भाजीच्या पिशवीतही आहे.

मसाला बाजारात गाडी उलट दिशेने धावते. इंग्रजीतील 'पेपर', म्हणजे मिरी, हा शब्द संस्कृत पिप्पलीचा वंशज, 'जिंजर' शृंगवेराचा, 'शुगर' शर्करेचा. फळबाजारातील 'ऑरेंज' नारिंगाचा नातू आहे आणि 'मँगो' दक्षिणेच्या द्रविड भाषांतून पोर्तुगीज 'मांगा'च्या मार्गाने गेलेला. मुलांना याचे भारी नवल वाटले. आपण इंग्रजी शिकतो म्हणजे परक्याच्या घरी पाहुणे म्हणून जातो, अशी त्यांची समजूत होती. त्या घरातील पुष्कळसे सामान आपल्याच माळ्यावरून गेलेले आहे, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते.

परंतु फळा-मसाल्यांची नावे हा झाला सोपा भाग. आम्हांला खरा रस होता तो निसर्गाच्या, ऋतूंच्या आणि हवेच्या शब्दांत, आणि तेथे पहिला मान 'मान्सून'चा. अरबी भाषेत 'मौसिम' म्हणजे ठरलेला काळ, हंगाम. अरबी समुद्रात शिडाची गलबते हाकणाऱ्या नाखव्यांच्या दृष्टीने कोणता वारा केव्हा सुटेल आणि केव्हा उलटेल, यावर जीवनमरण अवलंबून असे. म्हणून वाऱ्याच्या हंगामासही तेच नाव पडले. हा शब्द आपल्याकडे दोन दारांनी आला. एका दाराने, फारसीमार्फत, 'मोसम' होऊन, मराठीने त्याला लगेच घरचे करून घेतले. दुसऱ्या दाराने पोर्तुगीजांनी त्याचा 'मोंसांव' केला, त्यांच्याकडून सोळाव्या शतकाच्या अखेरीस तो इंग्रजीत 'मान्सून' म्हणून गेला आणि इंग्रजी शाळांतून तो पुन्हा आपल्याकडे आला. आज वर्तमानपत्रात 'मोसमी वारे' व 'मान्सून' हे शब्द एकाच बातमीत शेजारी शेजारी बसतात. दोघे सख्खे भाऊ, पण एकमेकांस ओळखत नाहीत.

ज्या काळात हा शब्द इंग्रजीत शिरत होता, त्याच काळात एक इंग्रज तरुण आपल्या किनाऱ्यावर उतरला. फादर थॉमस स्टीफन्स हे ४ एप्रिल १५७९ रोजी लिस्बनहून निघाले आणि २४ ऑक्टोबरला गोव्यास पोहोचले. त्यानंतर पंधरवड्याने, १० नोव्हेंबरला, त्यांनी वडिलांना लिहिलेले पत्र पुढे इंग्लंडमध्ये छापले गेले. समुद्रप्रवासातील वारे, वादळे, आजार, जहाजामागे येणारे मासे आणि पक्षी यांचे त्यात वर्णन आहे. भारतात येऊन स्थायिक झालेला पहिला ज्ञात इंग्रज तो हाच. हा इंग्रज येथे इंग्रजी शिकविण्यास बसला नाही, तो आपले शब्द शिकला. लोकांच्या तोंडची कोकणी शिकून त्याने तिचे व्याकरण रचले आणि मराठी शिकून सुमारे ११,००० ओव्यांचे ख्रिस्तपुराण लिहिले, जे १६१६ मध्ये राचोल येथे छापले गेले. आमच्या मुलांच्या वहीत डावीकडे इंग्रजी व उजवीकडे मराठी असते. स्टीफन्स यांनी वही ठेवली असेल, तर तिच्या बाजू उलट्या असणार. मुलांना आम्ही एवढेच सांगितले की तुमच्या आजीला तोंडपाठ असलेला शब्द शिकण्यासाठी एका इंग्रज धर्मगुरूने उभे आयुष्य वेचले. १६१९ मध्ये ते वारले. मायदेशी परत गेले नाहीत.

स्टीफन्स यांच्याही आधी, १५६३ मध्ये, गोव्यास छापलेल्या एका ग्रंथाचा येथे उल्लेख केला पाहिजे. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य. या देशातील औषधी व वनस्पती यांवर त्याने संवादरूपाने ग्रंथ लिहिला आणि प्रत्येक वनस्पतीचे येथील लोकांच्या भाषांतील नाव नोंदविण्याचा कटाक्ष ठेवला. मुंबईचे बेट त्याच्याकडे राजाकडून भाडेपट्ट्याने होते. आंब्याच्या प्रकरणात मुंबईहून त्याचा कूळ आंब्यांची टोपली घेऊन येतो असा प्रसंग आहे, आणि मुंबईतील आपले एक आंब्याचे झाड वर्षातून दोनदा, मेअखेरीस व नाताळात, फळते असेही तो नमूद करतो. आज तुर्भ्याच्या बाजारात हापूसची पहिली पेटी मुहूर्त करून किती लवकर आणता येईल याची चढाओढ लागते, तेव्हा आम्हांला त्या नाताळातील आंब्याची आठवण होते. ओर्ता जन्माने ज्यू वंशातील होता. त्याच्या मृत्यूनंतर इन्क्विझिशनने १५८० मध्ये त्याच्या अस्थी उकरून जाळल्या. ज्याने आपल्या झाडापानांची नावे जगाला कळविली त्याच्या अस्थींची ही दशा ख्रिस्तसभेच्याच लोकांनी केली, हे आपल्या नियतकालिकात लिहिताना संकोच वाटतो. पण इतिहास सांगावयाचा तर तो सगळा सांगितला पाहिजे.

या देवघेवीत सगळेच शब्द धडधाकट राहिले असे नव्हे. 'जंगल' या शब्दाचे काय झाले पाहा. संस्कृतात जांगल म्हणजे कोरडी, विरळ झाडीची मोकळी भूमी. आयुर्वेदात तिच्या विरुद्ध 'आनूप', म्हणजे पाणथळ प्रदेश. लोकभाषांत जंगल म्हणजे पडीक रान झाले. इंग्रजांनी तो शब्द उचलला आणि घनदाट, ओलसर, वेलींनी माजलेल्या अरण्याला तो चिकटवला. आता आमची मुले चित्रातील 'जंगल' पाहतात ते इंग्रजी जंगल असते. मूळ अर्थ पार बुडाला.

खारफुटीची कथा याहून जवळची. 'मँग्रोव्ह' या इंग्रजी शब्दाचा पूर्वार्ध पोर्तुगीज-स्पॅनिश आणि त्यामागे पुन्हा अमेरिकेतील मूळ रहिवाशांची भाषा. आपल्याकडे मात्र कोळी-आगरी बांधवांपाशी 'तिवर' हा शब्द पूर्वीपासून आहे. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातील स्विस येशूसंघीय फादर एथेलबर्ट ब्लॅटर यांनी १९०५ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात मुंबई इलाख्यातील खारफुटीवर लेख लिहिला. त्या काळी तिवरांचे रान म्हणजे चिखल व डास, भराव घालून उपयोगात आणण्याची जागा, असाच सरकारचा व नागरिकांचा समज होता. पुढील वर्षी फादर ब्लॅटर यांनी महाविद्यालयात वनस्पतिसंग्रहालय सुरू केले. ते आजही त्यांच्याच नावाने ओळखले जाते. त्यांच्या परंपरेतील फादर सांतापाव यांनी खंडाळ्याची वनसंपदा नोंदविली आणि पुढे ते भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेचे संचालक झाले. खारफुटी तोडण्यास मुंबई उच्च न्यायालयाने मज्जाव केला तो २००५ मध्ये, म्हणजे त्या लेखानंतर बरोबर शंभर वर्षांनी. वाशीला लागून असलेली ठाणे खाडी २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाली आणि २०२२ मध्ये रामसर यादीत आली. फ्लेमिंगो हे नाव मुलांना ठाऊक होते. मराठीतील 'रोहित' हे नाव वर्गातील एका रोहितलाही ठाऊक नव्हते!

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे वळू. क्लायमेट हा मूळ ग्रीक शब्द. अर्थ 'उतार', 'कल'. सूर्याचे किरण पृथ्वीवर कोणत्या ठिकाणी किती तिरपे पडतात यावरून ग्रीकांनी भूगोलाचे पट्टे पाडले, आणि त्या पट्ट्याच्या स्वभावाला पुढे क्लायमेट म्हणू लागले. वेदर म्हणजे आजची हवा, उद्याचा पाऊस. शास्त्रज्ञ साधारण तीस वर्षांच्या वेदरची सरासरी काढतात तेव्हा क्लायमेट हाती लागते. मराठीत 'हवामान' हा शब्द अरबी 'हवा' व संस्कृत 'मान' यांच्या विवाहातून जन्मला. मान म्हणजे माप. हवेचे माप घेणाऱ्या खात्याला तो शोभून दिसला, आणि १८७५ मध्ये स्थापन झालेल्या व १९२८ पासून पुण्यात काम करीत असलेल्या हवामान खात्यामुळे तो घरोघर पोहोचला. त्या एका शब्दावर दोन ओझी पडली ती अशी. म्हणूनच 'हवामान बदल' असे ऐकले की सामान्य माणसाला उद्या पाऊस येणार असे वाटते.

पण मराठीत हा भेद नव्हता काय? होता. "तिकडचे हवापाणी आम्हांला मानवले नाही" असे आपली वडीलधारी माणसे म्हणत, तेव्हा ती एका दिवसाच्या उन्हाविषयी बोलत नसत. एखाद्या प्रदेशाच्या कायमच्या स्वभावाविषयी बोलत. 'हवापाणी' म्हणजे क्लायमेटच. मग क्लायमेट चेंजला 'हवापालट' का म्हणू नये? येथे भाषा आपली गंमत करते. हवापालट करावयास आपण लोणावळ्याला किंवा महाबळेश्वरला जातो, दुखण्यातून उठलेल्या माणसाला डॉक्टर हवापालटाचा सल्ला देतात. शब्द तोच, पण सुखाच्या अर्थाने आधीच भाड्याने दिलेला. 'हरितगृह' या शब्दाची गत याहून वाईट. 'ग्रीनहाउस'चे हे शब्दशः भाषांतर. मराठीत हिरवे ते चांगले. मावळातील शेतकरी हरितगृहात गुलाब पिकवतो आणि त्यावर चार पैसे मिळवतो. पाठ्यपुस्तकातील 'हरितगृह परिणाम' हा त्याला सरकारी अनुदानाचा परिणाम वाटला, तर दोष त्याचा नाही. आमच्या मते काचेच्या बंद खोलीत जशी ऊब कोंडते तशी पृथ्वीभोवती कोंडली आहे, असे साध्या मराठीत एकदा सांगितले की पुढे कोणताही शब्द चालतो. मुलांना आम्ही उन्हात काचा लावून उभ्या केलेल्या टेम्पोत डोकावून बघावयास सांगितले. तेवढे पुरले.

एक शब्द मात्र असा निघाला की ज्याने आम्हांलाच थांबविले. 'इकॉलॉजी' हा शब्द जर्मन शास्त्रज्ञ हेकेल याने १८६६ मध्ये घडविला, ग्रीक 'ओइकोस' म्हणजे 'घर' यापासून. 'इकॉनॉमी' त्याच घरातील. ख्रिस्ती पंथांच्या ऐक्याच्या चळवळीला 'एक्युमेनिकल' म्हणतात, तेही तेथलेच. 'डायोसिस', म्हणजे आपला धर्मप्रांत, आणि 'पॅरिश', म्हणजे आपला धर्मग्राम, हे शब्दही त्याच घराचे. 'पॅरिश'च्या मुळाशी असलेल्या ग्रीक शब्दात परक्या ठिकाणी वस्ती करून राहण्याचा भाव आहे. नवी मुंबईतील धर्मग्रामांत मंगळूर, केरळ, गोवा, वसई, तामिळनाडू अशा ठिकठिकाणच्या कुटुंबांनी बिऱ्हाडे केली आहेत. त्यांना हा अर्थ समजावून देण्याची आवश्यकता नाही. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ मध्ये 'लाउदातो सी' हे परिपत्रक प्रसिद्ध केले आणि त्याच्या उपशीर्षकातच पृथ्वीला आपल्या सर्वांचे घर म्हटले, तेव्हा त्यांनी नवीन उपमा योजली नव्हती. शब्दाच्या पोटात असलेली जुनीच गोष्ट बाहेर काढली होती. त्यांच्या आधी पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९७९ मध्ये असिसीचे संत फ्रान्सिस यांना पर्यावरणरक्षकांचे आश्रयदाते घोषित केले होते, आणि १९९० च्या विश्वशांतिदिनाचा आपला संदेश सृष्टीशी शांतीने राहण्याच्या विषयाला वाहिला होता.

आपल्या मराठी ख्रिस्ती समाजाने या कामी मराठीला काय दिले, असे कोणी विचारले तर आम्ही 'हरित वसई' या दोन शब्दांकडे बोट दाखवू. १९८० च्या दशकाच्या अखेरीस वसईची वाडी-बागाईत, विहिरी आणि खाजणे बिल्डरांच्या घशात जाऊ लागली, तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हरित वसई संरक्षण समितीच्या झेंड्याखाली लोकांना एकत्र केले. 'सुवार्ता' मासिकाचे संपादक म्हणून त्यांनी त्या लढ्याला भाषाही दिली. तोवर 'हरित' म्हटले की लोकांना हरितक्रांती, म्हणजे खते व संकरित बियाणे आठवे. त्या शब्दाला टँकर, विहीर, केळीची बाग आणि दहशत यांचा संदर्भ या चळवळीने दिला. फादर दिब्रिटो २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले आणि २०२४ मध्ये निवर्तले. शब्द कोशात बसून मोठा होत नाही, तो मोर्चात चालावा लागतो, असे आमचे मत त्यांच्याकडे पाहून झाले आहे.

परत बाजाराकडे येतो, कारण सकाळचे सात वाजत आले होते आणि हापूसच्या पेट्या उघडल्या जात होत्या. हापूस हे नाव गोव्याचा पोर्तुगीज गव्हर्नर आफोन्सो द आल्बुकर्क याच्यावरून आले असे मानतात, आणि आंब्यावर कलमे बांधण्याची कला गोव्यातील येशूसंघीयांनी वाढविली असेही सांगितले जाते. 'कलम' म्हणजे अरबी बोरूची लेखणी. कापही तसाच तिरका, म्हणून नाव तेच! या फळाच्या भोवती जे शब्द जमा झाले आहेत त्यांत नवा आणि जुना काळ एकमेकांना घासतात. पूर्वी कच्चे आंबे गवतात घालून पिकवीत, त्याला 'अढी' म्हणत. मग 'कार्बाईड' आले. त्याचा वापर कायद्याने निषिद्ध आहे. आता इथिलीन वायूच्या खोल्या आहेत, त्यांना सर्वजण 'रायपनिंग चेंबर' म्हणतात. २००७ मध्ये अमेरिकेने भारतीय आंब्याला दार उघडले तेव्हा 'इरॅडिएशन' हा शब्द गाळ्यागाळ्यांवर आला. १ मे २०१४ पासून युरोपीय संघाने फळमाशीपायी आपला आंबा काही महिने बंद ठेवला, तेव्हा गरम पाण्याच्या प्रक्रियेचे इंग्रजी नाव हमालांनाही पाठ झाले. हे शब्द कोणी यादीतून शिकविले नाहीत. माल परत आला की शब्द आपोआप येतो.

आमच्या ओळखीच्या गृहस्थांनी एक आंबा कापला. बाहेरून सोनेरी, डाग नाही. आत कोयीजवळ पांढरट, आंबट, भुसभुशीत गर. त्याला 'साका' म्हणतात. फळ कापल्याशिवाय तो कळत नाही. उन्हाच्या तीव्रतेशी त्याचा संबंध शास्त्रज्ञांनी जोडला आहे. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने १९८१ मध्ये 'रत्ना' हा साका नसलेला संकरित आंबा दिला, परंतु ग्राहकाला हापूसच हवा असतो. ज्या मुलाने यादीतील 'हीट वेव्ह' या शब्दापुढे 'उष्णतेची लाट' असे सुवाच्य अक्षरात लिहिले होते, त्याने तो गर चाखून तोंड वाकडे केले.

गाळ्यावर देवगडकडील एक वयस्क बागायतदार आपल्या मालासोबत आले होते. काका म्हणाले, "थंडी पडली की मोहोर येतो. मळभ राहिलं की तुडतुडा बसतो आणि मोहोर गळतो. आता थंडी धड पडत नाही आणि मळभ सुटत नाही." मग थोडे थांबून त्यांनी इंग्रजीत "क्लायमेट चेंज" असे म्हटले, जणू ते एखाद्या साहेबाचे नाव असावे. २००९ चे फयान, ३ जून २०२० चे निसर्ग, २०२१ च्या मे महिन्यातील तौक्ते ही वादळे त्यांना सालवार ठाऊक होती. 'सायक्लोन' हा शब्दही याच देशात, कलकत्त्यात, हेन्री पिडिंग्टन याने एकोणिसाव्या शतकात घडविलेला, सापाच्या वेटोळ्यावरून.

काकांची खरी तक्रार वेगळी होती. कोकणातील आंबा-काजूसाठी हवामानावर आधारित फळपीक विमा आहे. त्याची भरपाई मंडळातील स्वयंचलित केंद्रावरील आकड्यांवरून ठरते. पाऊस मिलिमीटरमध्ये, तापमान अंशांत, वारा वेगात. ठरलेल्या आकड्याला तेथे 'ट्रिगर' म्हणतात. मळभाला रकाना नाही. काकांचा मोहोर ज्या कारणाने गेला ते कारण त्यांच्या भाषेत एका शब्दात सांगता येते, पण ज्या भाषेत पैसे मिळतात तिच्यात त्याचा आकडा होत नाही. उलट, आकड्यांच्या भाषेत जे लिहिले जाते ते त्यांना वाचता येत नाही. मुलगा मुंबईला असतो, तो वाचून दाखवितो. मुलांच्या यादीतील 'थ्रेशोल्ड', 'ॲव्हरेज', 'डेटा' या शब्दांना तोवर आम्ही रूक्ष समजत होतो. त्या पहाटे त्यांतले दोन शब्द मुलांनी काकांना समजावून दिले आणि काकांनी त्यांना 'मळभ' समजावला. आकाशाकडे बोट दाखवून. योगायोगाने त्या दिवशी ते होतेच.

यादी आम्ही नव्याने केली. इंग्रजी व मराठी यांच्या शेजारी तिसरा रकाना ठेवला; त्यात आजी-आजोबांना, बाजारात किंवा खाडीवर विचारून शब्द आणावयाचा. वेटलँडपुढे खाजण आले, स्प्रिंग टाइडपुढे उधाण, नीप टाइडपुढे भांग, लँड ब्रीझपुढे मतलई वारा. हे शब्द मोल्सवर्थच्या १८३१ च्या कोशापासून छापलेले सापडतात. आमच्या मुलांना ते प्रथमच ऐकावयास मिळाले. क्लायमेटपुढे त्या मुलीने 'हवापाणी' लिहिले, आणि वेदरपुढचे 'हवामान' तसेच ठेवले.

तिच्या आजीने तिला आणखी एक शब्द दिला, 'आगोट'. पावसाळा तोंडावर आला की तो आगोटीचा काळ. सरपण, सुकी मासळी, मसाले, पापड, सगळे त्याआधी घरात भरून ठेवावयाचे, होड्या वर ओढावयाच्या, छपरे शाकारावयाची. पुढच्या रविवारी मिस्सानंतर ती वही घेऊन आली. याला इंग्रजीत एक शब्द नाही, हे तिने स्वतःच शोधून काढले होते, आणि इंग्रजीच्या रकान्यात जागा पुरली नाही म्हणून पुढच्या पानावर अडीच ओळी लिहिल्या होत्या.